३८०० चं जॅकेट आणि फुकटची टोपी: एका पावसाळ्याचा अनुभव

ट्रेकसाठीचं हे रेन जॅकेट जूनमध्ये सेलमध्ये घेतलेलं, १०,००० मिमीवालं (कापड पाण्याचा किती दाब सोसतं त्याचा हा आकडा), बाकी स्पेक्स सोडून थेट मुद्द्यावर येतो, हूडला पुढे छज्जाच नाहीये! चष्मेवाल्यांचा विचार कुणी केलेलाच दिसत नाही. कळसूबाईच्या शिड्यांवर समोरून पाऊस, वारा हूड मागे ओढतोय, दोन्ही हात रेलिंगला, आता हूड धरू की शिडी? १६४६ मीटरवर पोचून मला धुकंसुद्धा धड दिसलं नाही.

त्यात ऑगस्टमध्ये अंधारबनच्या जंगल ट्रेकला आतून खांदे ओलेचिंब. तडक दुकानात. तिथला पोरगा म्हणे, सर हा घाम आहे. म्हटलं बाबा रे, चाळीस वर्षं मला घाम येतोय, मला कळत नाही होय? बरंच वाजलं.

घरी येऊन बाथरूममध्ये जॅकेटवर मगभर पाणी ओतलं तर वरचं कापड पाणी पितंय, पण आतून कोरडं ठक्क. म्हणजे घामच की! मग कळलं, आईने ते मशीनला लावलेलं, वर तो वासाचा कंडिशनर. त्याचा थर बसला की पाण्याचे थेंब घरंगळायचे बंद होतात, कापड भिजून जड होतं आणि आतली वाफ आतच. नुसत्या पाण्यात दोनदा खळबळून काढलं, वाळवलं, लेबलवर चालेल लिहिलंय बघून वर सुती कापड टाकून मंद इस्त्री फिरवली. थेंब परत मोत्यासारखे. त्या पोराला सॉरी म्हणायचं राहिलंय.

तरी सह्याद्रीत जुलैत बाहेरच हवा ओलीगच्च, वाफ जाणार कुठे? त्यात काखेत हवा खेळायला उघडता येईल अशी चेन नाही. त्यामुळे हरिश्चंद्रगडाला खिरेश्वरहून तोलार खिंड चढताना मी ते सॅकमध्येच ठेवतो, खुशाल भिजतो, आणि वर वारा लागला की चढवतो. थंडी वाजत नाही, हे मात्र मान्य, त्या कामाला एक नंबर.

आणि हूडचं म्हणाल तर आतून टोपी घालायला लागलो, काकांना बियाण्याच्या दुकानात फुकट मिळालेली. चष्मा कोरडा! ३८०० मध्ये जे बसलं नाही ते मक्याच्या पिशव्यांवर मिळालं. घेणार असाल तर दुकानातच चष्मा लावून हूड घाला आणि मान वळवून बघा, हूड जागेवर राहून तुम्हीच आत वळत असाल तर तिथेच ठेवून या.