गोठ्याचं शेण: गोबरगॅस की गांडूळ खत?

म्हशींच्या गोठ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राचा अर्ज भरताना घरांपासून 200 मीटर, शाळा-दवाखान्यांपासून 500 मीटर हे अंतर जागा घेतानाच ठरलेलं असतं. खरा प्रश्न राहतो शेणाचा. केंद्रीय मंडळाच्या 2021 च्या सूचनांनुसार ते नालीत सोडता येत नाही. गोबरगॅस आणि गांडूळ खत दोन्ही चालतात. कळमेश्वरकडे थोरल्या भावाकडे गोबरगॅस आहे, मी गांडुळांचे बेड लावलेत.

गोबरगॅसचं सुख मोठं आहे. वहिनीला सिलिंडरची वाट बघावी लागत नाही, गोठा धुतलेलं पाणीही शेण कालवायला वापरता येतं. पण 25 किलो शेणातून दिवसाला साधारण एक घनमीटर गॅस निघतो आणि चार-पाच माणसांच्या घराला दोन घनमीटर पुरतो. वीस म्हशींचं शेण 300 किलोच्या वर जातं, म्हणजे गॅस घराच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त. खवा-पनीरची भट्टी असेल तर मीही गोबरगॅसच सांगेन.

माझं मन फिरलं ते स्लरीमुळे, म्हणजे गॅस निघाल्यावर उरणाऱ्या पातळ शेणकाल्यामुळे. जेवढं शेण तेवढंच पाणी घालायचं आणि तेवढा काला रोज बाहेर येणार. खत म्हणून उत्तम, उन्हाळ्यात शेतात सोडता येतो. जुलै-ऑगस्टात मात्र आपली काळी जमीन तुडुंब असते, ट्रॅक्टर धुऱ्यावरच रुततो. खड्डा काठोकाठ भरलेला, वरून पाऊस, आणि उतार नाल्याकडे. म्हशी दूध द्यायच्या थांबत नाहीत, तशी स्लरीही थांबत नाही. संमतीपत्र हातात असून भावाला पावसाळाभर झोप नसते.

गांडुळांचा जाच मे महिन्यात. पारा 45 ला गेला की शेडनेट, ओलं बारदान, सकाळ-संध्याकाळ पाणी. ताजं शेण गरम असतं, ते पंधरा-वीस दिवस मुरवूनच टाकावं लागतं. त्यासाठी जागा आणि एक भरवशाचा माणूस हवा. धुण्याच्या पाण्याला वेगळी टाकीही बांधावी लागते. तरी हा त्रास हाताने आवरतो. तयार खत पोत्यात भरलं की शेडमध्ये कोरडं राहतं, आणि आंबिया बहाराच्या (संत्र्याच्या हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याच्या) तयारीला काटोलकडचे संत्रावाले येऊन उचलून नेतात.

मुरमाड, उंचावरची जमीन असेल तर गोबरगॅस वाईट नाही, असं मला वाटतं. काळी जमीन आणि शेजारी नाला असेल, तर मी बेडच लावेन.