थिंकसेंटर एम७२०क्यू: टीव्हीखाली चोवीस तास चालणारा सर्व्हर

फोटोंचा बॅकअप, जेलीफिन (घरचे सिनेमे टीव्हीवर पुरवणारा सॉफ्टवेअर), पाय-होल (घरभरच्या जाहिराती अडवणारा) आणि दोन-चार कंटेनर (वेगवेगळ्या डब्यांत चालणारे छोटे प्रोग्रॅम) एवढंच चालवायचं असेल, तर ऑफिसांतून निघालेला लेनोवोचा हा टायनी म्हणजे छोटा पीसी पुरून उरतो. जेमतेम एक लिटरचा डबा, साडेतीन सेंटीमीटर जाड. आत इंटेलचा आय५-८५००टी प्रोसेसर, म्हणजे सहा कोअर. लॅपटॉपच्या डीडीआर४ रॅमचे दोन स्लॉट, एनव्हीएमईला (बोर्डवर थेट बसणारी वेगवान एसएसडी) एक जागा आणि अडीच इंची सॅटा डिस्कचा एक ट्रे.

प्रोसेसरच्या नावातल्या 'टी'ला (कमी विजेचा प्रकार) फार भाव देऊ नका. ३५ वॅट ही सततच्या भाराची मर्यादा आहे, आणि घरचा सर्व्हर दिवसाचा बहुतेक वेळ नुसता बसून असतो. बसल्या-बसल्या किती खातो ते महत्त्वाचं. नीट लावलेलं मशीन प्लगवर १० वॅटच्या आसपास घेतं, म्हणजे महिन्याला साधारण ७ युनिट. त्याहून बरंच जास्त दिसलं तर पॉवरटॉप या लिनक्सच्या टूलमध्ये पॅकेज सी-स्टेट, म्हणजे प्रोसेसर किती गाढ झोपतो ते बघा; आकडा जितका मोठा तितकी झोप गाढ. सी२-सी३ वरच अडकलं असेल तर एखादं उपकरण एएसपीएम (रिकाम्या वेळी पीसीआय जोडणीची वीज वाचवणारी सोय) नाकारतंय. बहुधा स्वस्त एनव्हीएमई किंवा रायझरवरचं (जादा कार्ड आडवं बसवायची जोडपट्टी) नेटवर्क कार्ड. (रायझर लावला की सॅटाचा ट्रे जातो, हेही लक्षात ठेवा.)

आवाजाचं म्हणाल तर वापरलेल्या मशीनचा फॅन घोंघावतो तो धुळीमुळे. मागचा एक स्क्रू काढून झाकण पुढे सरकवा. हीटसिंकच्या पात्यांत धुळीचा नमदा बसलेला असतो आणि खालची पेस्ट वाळून चुन्यासारखी झालेली असते. ब्रशने धूळ काढा, आयसोप्रोपिलने जुनी पेस्ट पुसा, मसुरीच्या दाण्याएवढी नवी लावा. रात्रीच्या शांततेतला फरक लगेच कळतो.

डिस्क मात्र विचार करून घ्या. ट्रेमध्ये ७ मिमी जाडीचीच बसते. ५ टीबीच्या अडीच इंची डिस्क १५ मिमीच्या, त्या शिरत नाहीत. शिवाय या आकारातल्या मोठ्या डिस्क बहुतेक एसएमआर (एकावर एक चढणाऱ्या पट्ट्यांत डेटा लिहिणाऱ्या) असतात, मोठी कॉपी लावली की अर्ध्यावर वेग कोसळतो. इथे सॅटा एसएसडीच घ्यावी.

दुकानातच मशीन सुरू होताना एफ१ दाबून बायॉस (मशीनच्या मूळ सेटिंग) उघडा. पासवर्ड मागितला तर ते मशीन घेऊ नका. अडॅप्टर २० व्होल्ट, ६५ वॅट, आयताकृती पिनचा हवा; राउटरचा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस त्याला चालत नाही. घरी आणल्यावर बायॉसच्या पॉवर विभागात 'आफ्टर पॉवर लॉस' हे 'पॉवर ऑन' करा, नाहीतर लाइट आले तरी सर्व्हर झोपलेलाच राहील. सर्व्हर घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएस मोडला ठेवा. मदरबोर्डवरचा घड्याळाचा सीआर२०३२ सेल लगेच बदला. तो मेला की वीज गेल्यावर घड्याळ मागे पडतं आणि सर्टिफिकेटच्या चुका येऊ लागतात.

प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारी सिस्टिम) टाकणाऱ्यांसाठी: मोठ्या ट्रान्सफरमध्ये नेटवर्क अचानक मेलं आणि लॉगमध्ये 'हार्डवेअर युनिट हँग' दिसलं, तर केबल बदलत बसू नका. इंटेलच्या आय२१९ नेटवर्क चिपचा हा जुना त्रास आहे. ईथटूल कमांडने टीएसओ आणि जीएसओ (डेटाचे तुकडे करण्याचं काम पुढे ढकलणाऱ्या सोयी) बंद करा, आणि तीच ओळ नेटवर्क सेटिंगच्या इंटरफेसेस फाइलमध्ये पोस्ट-अप म्हणून टाका, म्हणजे रीबूटनंतरही टिकेल.

एचईव्हीसी १०-बिट व्हिडिओचं ट्रान्सकोडिंग (दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलणं) प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स, यूएचडी ६३०, आरामात करतं. एव्ही१ या नव्या व्हिडिओ फॉरमॅटचं डिकोड मात्र त्यात नाही. तुमच्या फाइल एव्ही१ असतील तर इंटेल एन१०० प्रोसेसरचं मशीन घ्या. आणि दोन साडेतीन इंची डिस्क आत बसवायच्या असतील तर हा डबा तुमच्यासाठी नाही.