ट्रू बायपासच्या नावाखाली माझी वाह आतून पोखरली

गिटारच्या दोन पेडल्सना ट्रू बायपास करायचे, म्हणजे पेडल बंद असताना आवाज सर्किटला न शिवता थेट पुढे जावा असं करायचे, ७,५०० रुपये. २,५०० आगाऊ, दोन 'इम्पोर्टेड' थ्रीपीडीटी स्विचचे १,८०० आणि उरलेली ३,२०० मजुरी. सगळे यूपीआयने, सगळे एका बाईच्या नावच्या खात्यावर. पैशाचं दुःख आहेच, पण त्याहून मोठं दुःख मामाच्या वाह पेडलचं, पायाने दाबत गिटारचा आवाज वळवायच्या खोक्याचं. इटलीतल्या जेन कंपनीची जुनी क्रायबेबी, आत मूळचं फासेल बनावटीचं इंडक्टर, म्हणजे तारेचं छोटं वेटोळं. ज्यांना कळतं त्यांना याचा अर्थ सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की वाहचा तो 'बोलणारा' आवाज त्या बोटभर सुट्या भागावर उभा असतो, आणि लोक जुनी फासेल शोधत फिरतात.

माणूस कोपरखैरणेचा. इन्स्टावर पेडल उघडून सोल्डरिंग करतानाचे व्हिडिओ, खाली कौतुकाच्या ओळी. मी ठाण्याचा, पाचपाखाडीत राहतो. जुन्या क्रायबेबीचा फूटस्विच तीनच पायांचा असतो, फक्त आउटपुटची वाट बदलतो. बंद असली तरी सर्किटचं इनपुट गिटारला लटकलेलंच राहतं आणि ट्रेबल, म्हणजे आवाजाची वरची धार, खाऊन टाकतं. उपाय ठरलेला आहे : नऊ पायांचा थ्रीपीडीटी बसवायचा, सहा पायांवर इनपुट-आउटपुट दोन्ही तोडायचे आणि उरलेल्या तीनवर एलईडी. अवघड काहीच नाही. माझे हात सोल्डरला स्थिर नाहीत, म्हणून दिलं. सोबत टीएस९ हा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज खरखरीत करणारा पेडलही दिला.

परत घ्यायला गेलो तेव्हा त्याने माझ्यासमोर दोन्ही वाजवून दाखवले. वाहचा नवा एलईडी लागत होता, विझत होता. टीएस९बद्दल म्हणाला, "सर, स्विच पत्र्याखाली बसवलाय, वरून दिसणार नाही." मी अडॅप्टरकडे हात नेला आणि त्याने झटकन माझा हात अडवला. "असं काढू नका सर, अ‍ॅम्पला दणका बसेल." तो क्षण मला आजही जाळतो. टीएस९ बंद ठेवून त्याचा वीजपुरवठा काढला की कारखान्यातला पेडल मुका होतो, कारण आवाजाची वाट आतले एफईटी, म्हणजे विजेवर चालणारे ट्रान्झिस्टर, ठरवतात आणि बटण फक्त इशारा देतं. खरा ट्रू बायपास असेल तर वीज असो-नसो, गिटार ऐकू येतेच. एक पिन उपसायची होती. बस्स. आणि ती उपसू न देणाऱ्या माणसाला मी ३,२०० रुपये पाठवले.

आता कोणी शहाणपणा शिकवायला येईल, म्हणून सांगून ठेवतो. बाहेर दोन गिऱ्हाइकं थांबलेली, अ‍ॅम्प त्याचा, आणि तो म्हणाला ते अगदीच खोटंही नव्हतं, चालू अ‍ॅम्पवर पिन उपसली की फट् होतंच. समोरच्याला चोर समजून कोणी दुकानात शिरत नाही. आणि तळाच्या पत्र्यावर त्याने 'वॉरंटी सील' चिकटवलं होतं, फाडलं की जबाबदारी संपली म्हणे. कुठलाही कारागीर स्वतःचं काम दाखवायला असा घाबरत नाही. सील दिसलं की तिथेच फाडा, त्याच्या तोंडावर.

घरी उघडलं. टीएस९मध्ये कारखान्यातलं सोल्डर जसंच्या तसं, कोणी बोटही लावलेलं नाही, वर फक्त नवं रबर. वाहमध्ये नवा स्विच होता, पण आउटपुटचे तीन पाय जुन्यासारखेच जोडलेले, एलईडीचे वेगळे, आणि तीन पाय कोरे. म्हणजे दिवा लागायचा, ट्रेबल मात्र पूर्वीसारखंच खाल्लं जायचं. आणि फासेलच्या जागी कसलंसं नवं इंडक्टर. तसाच निळा थ्रीपीडीटी मी नंतर लॅमिंग्टन रोडवरून १४० रुपयांना आणला.

यानंतर पोलीस. ठाण्यातल्या चौकीत सांगितलं, काम नवी मुंबईत झालंय, तिकडे जा. तिकडे सांगितलं, तुम्ही राहता ठाण्यात, पैसे ठाण्यातून गेले, तिकडेच जा. शून्य क्रमांकाने एफआयआर घेता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्दीची अट नाही, हे मी सांगितलं तर साहेब हसले. "वकील आहात का?" मग बिल मागितलं. बिल कुठलं! मग म्हणे हा दिवाणी वाद आहे. वस्तू विश्वासाने दिली आणि आतला भाग काढून घेतला, हा दिवाणी वाद कसा? भारतीय न्याय संहितेत कलम ३१६ विश्वासघातासाठी आहे, ३१८ फसवणुकीसाठी, मग आहेत कशाला? एकाने तर विचारलं, "गिटारच्या बटणासाठी एवढं?" चोरीच्या मोबाईलसाठी माणूस आला तरी असंच विचारता का? बँकेचं उत्तर तयारच होतं : पैसे तुम्हीच पाठवलेत. जो तो आपली पाटी दुसऱ्याकडे वळवतो, आणि तो मात्र रोज नवे व्हिडिओ टाकतोय.

देण्याआधी पेडल उघडून आतले फोटो काढा, तारखेसकट. माझ्याकडे मामाने काढलेला एक जुना फोटो निघाला म्हणून फासेल गेल्याचं दाखवता तरी आलं. खात्याचं नाव माणसाच्या नावाशी जुळत नसेल तर रुपयाही पाठवू नका. जुने भाग परत मागा, काढलेला स्विचसुद्धा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात फी लागत नाही, मी तक्रार टाकली आहे. ज्यांची पेडल्स कोपरखैरणेच्या बाजूला अशी दुरुस्त झाली आहेत त्यांनी आजच तळाचा पत्रा उघडून नऊ पाय मोजावेत, किती जोडलेत ते पाहावं.

आणि कोणी जुनं फासेल विकायला काढलेलं दिसलं, आणि त्याच्या एका कडेला निळ्या शाईची छोटी फुली असली, तर फोटो काढून ठेवा आणि मला कळवा. ती फुली मामाच्या हातची आहे.