झेड/व्हीएमवर लिनक्स: नऊ महिने वापरल्यावर

आमच्या ऑफिसात मेनफ्रेमवाले (आयबीएमच्या मोठ्या सर्व्हरवर काम करणारे) आणि लिनक्सवाले जेवायलाही वेगळ्या टेबलांवर बसतात. नऊ महिन्यांपूर्वी माझी रवानगी मेनफ्रेमवाल्यांच्या टेबलावर झाली. काम असं: पुण्यात बसून परदेशातल्या एका क्लायंटच्या मेनफ्रेमवरचे चाळीसेक लिनक्स गेस्ट, म्हणजे आभासी सर्व्हर, सांभाळायचे. ते झेड/व्हीएमवर, म्हणजे एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणाऱ्या प्रणालीवर चालतात, आणि त्याच मशीनच्या शेजारच्या एलपारमध्ये (मशीनच्या वेगळ्या केलेल्या भागात) मेनफ्रेमची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम झेड/ओएस आणि डीबी२ डेटाबेस.

लिनक्ससाठीचे प्रोसेसर म्हणजे आयएफएल. त्यांच्यावर झेड/ओएस चालत नाही, म्हणून ते वाढवले तरी झेड/ओएसच्या सॉफ्टवेअरचं क्षमतेवर लागणारं बिल वाढत नाही. आयबीएमने ही सोय २००० साली आणली. माझ्या मते मेनफ्रेमवर लिनक्स टिकलं ते तंत्रापेक्षा या हिशोबामुळेच.

पहिल्याच आठवड्यात मी एक सर्व्हर बंद पाडला, तोही नुसतं लॉगऑन करून. गेस्ट डिस्कनेक्ट अवस्थेत, म्हणजे कन्सोलवर कोणी नसताना, छान चालू होता. मी ३२७० या मेनफ्रेमच्या टर्मिनलवरून त्याच्या कन्सोलवर शिरलो. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली ‘सीपी रीड’ असं आलं (सीपी म्हणजे झेड/व्हीएमचा कंट्रोल प्रोग्राम). म्हटलं, असेल काहीतरी, आणि चहाला गेलो. परत येतो तो मॉनिटरिंग लालेलाल. गेस्ट मेला नव्हता, पुढच्या हुकमाची वाट बघत जागच्या जागी थांबला होता. आमचे सर आले, ‘बिगिन’ टाईप करून एंटर मारलं आणि एवढंच म्हणाले, “सेट रन ऑन कुठंय?” कोणी कन्सोलवर शिरलं तरी गेस्ट चालू ठेवणारी ती ओळ आता प्रत्येक गेस्टच्या डिरेक्टरीत, म्हणजे झेड/व्हीएममधल्या त्याच्या नोंदीत आहे. याच कन्सोलवर व्हीआय हा एडिटर चालत नाही, त्यामुळे नेटवर्क गेलं की फाईल ‘सेड’ या कमांडने दुरुस्त करायची. वैताग येतो, पण अंगवळणी पडतं.

खरी खोड मोडली ती मेमरीची. नेहमीच्या एक्स८६ सर्व्हरवर कोणी ८ जीबी मागितली की आम्ही १६ देऊन मोकळे. इथे तो दिलदारपणा महागात पडतो. लिनक्सला द्याल तेवढी मेमरी ते डिस्क कॅशने भरून टाकतं. रिकामी ठेवणं त्याच्या स्वभावात नाही. चाळीस गेस्ट असे पसरून बसले की झेड/व्हीएम पेजिंग (मेमरीतला डेटा डिस्कवर नेणं-आणणं) करून दमतं आणि हळू सगळेच होतात. म्हणून उलट चालायचं. गेस्टची मेमरी थोडी थोडी कापत न्यायची, तो जरासा स्वॅप करू लागला (मेमरी अपुरी पडून स्वतःचा डेटा डिस्कवर ढकलू लागला) की थांबायचं, आणि स्वॅपला व्हीडिस्क द्यायची. ती मेमरीतलीच डिस्क असल्याने जलद, आणि वापरेपर्यंत जवळपास जागा खात नाही. एक जावा गेस्ट मी असा १६ वरून ६ जीबीवर आणला. जावाची हीप, म्हणजे त्याने स्वतःसाठी धरलेली मेमरी, आधी कमी केली होती, म्हणून जमलं. ॲप्लिकेशनवाल्यांनी आठवडाभर तोंड वाकडं केलं, मग विसरले.

झेड/ओएसचा शेजार मात्र सुखाचा. हायपरसॉकेट्समुळे दोन एलपारमधलं नेटवर्क मशीनच्या मेमरीतूनच जातं, मध्ये ना केबल ना स्विच. दणका बसला तो वेगळ्याच ठिकाणी. झेड/ओएसवरून सॉर्ट केलेली फाईल यायची, अक्षरं एब्सिडिकमधून (मेनफ्रेमची अक्षरसंहिता) ॲस्कीत (लिनक्सची) नीट बदललेली, तरी फाईल क्रमाने लावलेली आहे असं धरणारा आमचा जुळवणीचा प्रोग्राम अक्षरं-आकडे मिसळलेले निम्मे खाते क्रमांक ‘सापडले नाहीत’ म्हणायचा. दोन रात्री गेल्या. एब्सिडिकमध्ये आकडे अक्षरांच्या नंतर येतात, ॲस्कीत आधी. अक्षरं बदलली होती, क्रम जुनाच होता! लिनक्सवर परत सॉर्ट लावलं आणि विषय मिटला.

तक्रार एकच, पण मोठी. एस३९०एक्ससाठी, म्हणजे मेनफ्रेमच्या प्रोसेसरसाठी, तयार कंटेनर इमेज (प्रोग्रामचं बांधून ठेवलेलं पॅकेज) अनेकदा मिळत नाही, सोर्समधून बांधावी लागते. त्यात कोणी लिटल-एंडियन (एक्स८६चा बाइट्सचा क्रम, मेनफ्रेमच्या उलटा) गृहीत धरून कोड लिहिला असेल तर कंपाईल बिनबोभाट होतं आणि चेकसम चुकतो. निवड करण्याआधी आपल्या सगळ्या लायब्ररींची यादी तपासा, प्रोसेसरचे आकडे नंतर बघा.

सरावाला घरी मशीन मिळणार नाहीच. मी लॅपटॉपवर हर्क्युलिस या मेनफ्रेमची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरमध्ये झेड/व्हीएमचा पूर्वज व्हीएम/३७० टाकलं आहे. मूळ १९७२ सालचं, पण सीपीची बोली ओळखीची. त्यातही कोपऱ्यात ‘सीपी रीड’ येतं. तिथे मी खुशाल चहाला जातो.