हिंगणा एमआयडीसीतील गिअर कापणारे वर्कशॉप : दोन खेपांचा अनुभव

नागपुरात दिघोरीच्या पुढे उमरेड रस्त्यालगत आमचा तेल गाळण्याचा लहानसा उद्योग आहे. जवस, करडई आणि तीळ ज्या एक्सपेलरवर गाळतो, तो माझ्या वडिलांनी जुन्या बाजारातून घेतलेला असून त्याची सगळी मापे इंचांत आहेत. पाच अश्वशक्तीच्या मोटारीवरून पट्ट्याने फिरणारा अठरा दातांचा पिनियन, म्हणजे लहान दाती चाक, आणि त्याला लागलेले बहात्तर दातांचे बिडाचे चाक, एवढीच त्याची गिअरची रचना आहे. हा पिनियन या उन्हाळ्यात तुटला आणि त्या निमित्ताने हिंगणा एमआयडीसीतील एका वर्कशॉपमध्ये मला दोन खेपा घालाव्या लागल्या. मालकांकडे आधीच काम उरकत नाही, म्हणून नाव छापू नका असे त्यांनी बजावले आहे. मेट्रोच्या लोकमान्य नगर स्थानकासमोरून आत शिरून दोन-तीन शेड ओलांडल्या की दात कापणाऱ्या हॉबिंग मशीनचा संथ आवाज कानावर येतो, एवढा पत्ता शोधणाऱ्याला पुरावा.

तुटलेला पिनियन मूळचा नव्हता. मूळचा झिजल्यावर आठ महिन्यांपूर्वी शहरातल्याच एका दुसऱ्या कारखान्यातून तसाच करून आणला होता. तेथे दात मोजले, झिजलेल्या तुकड्याच्या बाहेरच्या व्यासाला व्हर्नियर लावला, शंभर मिलिमीटरच्या जवळपास माप आले तसे पाच मॉड्यूल (मॉड्यूल म्हणजे दातांचे मिलिमीटरमधले माप) धरले आणि चार दिवसांत नवा पिनियन हातात ठेवला. तो बसवल्यापासून यंत्र घरघरत होते. नवे आहे, रुळेल, असे आम्ही स्वतःला समजावत राहिलो. दात तुटल्यावर मात्र जो तो एकच निदान करू लागला, की लोखंड कच्चे होते. मीही हिंगण्याला गेलो तो हेच धरून, आणि काउंटरवर पहिले वाक्य टाकले, की या वेळी ईएन २४ या महागड्या पोलादातच करून द्या.

काकांनी (मालकांना तेथे सगळे काकाच म्हणतात) पिनियन हातात घेतला, तुटलेल्या दाताकडे पाहिलेही नाही आणि विचारले, "दोन शाफ्टमधलं अंतर किती आहे भाऊ?" ते मी मोजले नव्हते. मग आत्ता काही कापत नाही, असे म्हणून त्यांनी मला परत पाठवले. त्या दिवशी भर दुपारी रिंगरोडने घरी येताना राग आला होता, हे कबूल करतो. दोन शाफ्टच्या मधली मोकळी जागा मोजायची आणि तिच्यात दोन्ही शाफ्टच्या व्यासांची निम्मी-निम्मी मापे मिळवायची, अशी रीत त्यांनी सांगितली होती. आमचे शाफ्ट दीड आणि अडीच इंची आहेत, मधली जागा सात इंच भरली, म्हणजे केंद्रापासून केंद्रापर्यंत नऊ इंच, अर्थात २२८.६ मिलिमीटर. पाच मॉड्यूलच्या अठरा आणि बहात्तर दातांच्या जोडीला हे अंतर २२५ मिलिमीटर लागते. साडेतीन मिलिमीटरचा हा फरक झिजेचा असू शकत नाही. नऊ इंच नेमके बसते ते पाच डीपीला, म्हणजे एका इंच व्यासामागे पाच दात असलेल्या जुन्या पद्धतीला. पाच डीपी म्हणजे ५.०८ मॉड्यूल. नव्या पिनियनचा बाहेरचा व्यास १०१.६ हवा होता, तो शंभर केला गेला आणि झिजलेल्या तुकड्यावरून माप घेतल्यामुळे ही चूक कोणाच्या ध्यानातही आली नाही.

दुसऱ्या खेपेला मी मोठे चाकही टेम्पोत घालून नेले. ते बाकावर आडवे ठेवून काकांनी व्हर्नियरच्या जबड्यात आधी सहा दात धरले, माप खडूने चाकावरच लिहिले, मग सात दात धरले आणि वजाबाकी केली. उत्तर आले १५.४५. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दाताची बाजू सारखी झिजलेली असली तरी ही वजाबाकी फारशी बदलत नाही आणि तिच्यावरून दाताचा दाबकोन, म्हणजे दात एकमेकांना ज्या कोनात ढकलतात तो, कळतो. पाच डीपीचे दात वीस अंशांचे असते तर उत्तर पंधरा आले असते, १५.४५ आले म्हणजे ते साडेचौदा अंशांचे, जुन्या चालीचे. आमच्या तुटलेल्या पिनियनचे उत्तर निघाले १४.७६. दोन चाकांच्या दातांत दर दातामागे पाऊण मिलिमीटरच्या जवळपास तफावत असेल, तर प्रत्येक दात पुढच्या दातावर सरकत न येता आदळतच येणार. घरघर होती ती त्याची.

त्यानंतर त्यांनी कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर जो हिशेब मांडला, त्याने माझे 'कच्चे लोखंड' पुरते निकालात निघाले. पाच अश्वशक्ती आणि मिनिटाला १६० फेरे एवढ्यावर पिनियनच्या दातावर साधारण पाचशे किलोचा भार येतो आणि आमच्या दोन इंच रुंदीच्या दाताला तो काहीच नाही. बियांत खडा येऊन भार दुपटीने वाढला तरी साध्या पोलादाने तो सोसला असता. ईएन २४ चा आग्रह त्यांनी सरळ मोडून काढला. त्यातल्या दीड टक्का निकेलचे पैसे मोजायचे आणि दात पुन्हा चुकीच्याच मापाचे कापायचे, याला अर्थ नाही, असे त्यांचे म्हणणे. त्याहून साधा ईएन ८ ताकदीला चालला असता, पण चार इंची जाडीत तो खोलवर कडक होत नाही आणि पिनियनचा प्रत्येक दात मोठ्या चाकाच्या दातापेक्षा चौपट वेळा काम करतो, म्हणून लहान चाक अधिक कडक असावे लागते. शेवटी ठरला ईएन १९, आधीच २८ ते ३२ रॉकवेलपर्यंत (रॉकवेल हे कडकपणाचे माप) कडक केलेल्या सळीतून, म्हणजे दात कापल्यावर भट्टीत घालून ते वाकण्याची भीती उरत नाही. महागडा माल विकण्याची संधी सोडून स्वस्त माल सुचवणारा दुकानदार इतवारीतही मला बाजारात क्वचितच भेटला आहे.

आवाज कमी व्हावा म्हणून गनमेटलचा पिनियन चालेल का, हेही मी विचारले होते. त्यावर त्यांनी दिलेले उत्तर खरे तर तेलवाल्याने गिअरवाल्याला द्यायला हवे होते. तांब्याचा अंश लागला की खाद्यतेल लवकर खवट होते आणि जवसाचे तेल तर त्यात सर्वांत नाजूक, तेव्हा झिजून किस पडणारी तांब्याची मिश्रधातू तेथे नकोच.

मोठ्या चाकाबद्दलचा सल्ला तर फुकटच मिळाला. यंत्र एकाच दिशेने फिरते, त्यामुळे दातांची एकच बाजू झिजलेली असते. आमच्या चाकाचा हब दोन्ही बाजूंनी सारखा आहे, म्हणून चाक शाफ्टवर उलटे बसवले की न वापरलेली बाजू कामाला येते. नवे चाक करण्याचा पर्यायही त्यांनी सांगितला. साडेचौदा अंशांत अठरा दातांच्या पिनियनची कंबर खालून खरवडली जाते, वीस अंशांची नवी जोडी केली तर ती जवळजवळ शाबूत राहते. पण या कामाला तो खर्च करू नका, हेही त्यांनीच सांगितले.

आता तक्रारी. चार दिवसांचे काम नऊ दिवसांनी मिळाले आणि प्रत्येक वेळी फोन आम्हीच केला. दातांच्या कडांवरची बारीक धार काढलेली नव्हती. बसवताना माझ्या कामगाराचे बोट कापले आणि ती धार आम्हालाच कानसीने मोडावी लागली. मालाचा दाखला मागितला तेव्हा गिरणीच्या प्रमाणपत्राचा मोबाइलवरचा फोटो मिळाला. सळीवरचा हीट क्रमांक (पोलाद कोणत्या घाण्याचे ते सांगणारा) मात्र कापताना निघून गेला होता, त्यामुळे हा फोटो याच तुकड्याचा आहे हे विश्वासावर घ्यावे लागले. ठिणग्या पाहून ईएन १९ आणि ईएन २४ वेगळे ओळखणे भरवशाचे नाही, तेव्हा महत्त्वाचे काम देणाऱ्याने सळी कापण्याआधीच क्रमांक पाहून घ्यावा. बिल ४,८०० रुपये झाले. कापण्याचे काम, चावीचा गाळा आणि माल धरून ते मला रास्त वाटले. सल्ल्याचे त्यात काही लावलेले नव्हते.

बोल्टचा विषय मी काढलाच नव्हता, तो त्यांनी यंत्राचे फोटो पाहून काढला. पिनियनच्या शाफ्टचे बेअरिंग ज्या चार बोल्टांवर बसते, ते मूळचे अर्धा इंची व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंची आट्यांचे, आणि कोणीतरी त्यांच्या भोकांत १२ मिलिमीटरचे बोल्ट पाइप लावून कोंबले होते. व्हिटवर्थचे आटे इंचाला बारा, म्हणजे २.१ मिलिमीटरचे, आणि १२ च्या बोल्टचे पावणेदोनचे. दोन-तीन फेऱ्यांनंतर पाना अडतो, तो घट्ट बसल्यामुळे नव्हे, आटे एकमेकांना चिरडतात म्हणून. बेअरिंग तेथून हलत असेल तर कितीही चांगला गिअर कापा, अंतर बिघडणारच. म्हणून भोके १४ च्या ड्रिलने साफ करून १६ चे आटे पाडायचे, बिडात दीडपट म्हणजे २४ मिलिमीटर खोली द्यायची आणि ८.८ दर्जाचा बोल्ट वापरायचा. स्टेनलेसचे बोल्ट लावावेत असे माझ्या मनात होते, पण ए२-७० या दर्जाचा स्टेनलेस बोल्ट ४५० मेगापास्कलला ताणला जातो, ८.८ चा ६४० ला, शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस घट्ट केले की आटे एकमेकांत चिकटून बसतात. ते तेलाला लागणाऱ्या झाकणापुरतेच ठेवायचे ठरले. १६ च्या बोल्टला तक्त्यात २०० न्यूटन-मीटरच्या घरात पीळ दिलेला असतो. आमच्या जुन्या बिडात १५० वर थांबा आणि तीन दिवस यंत्र चालवून पुन्हा पाना लावा, असे त्यांनी सांगितले होते. चौथ्या दिवशी सकाळी लावला, तेव्हा मोटारीकडचे दोन बोल्ट पाव फेरा फिरले, बाकीचे दोन जागचे हलले नाहीत.