सीए कार्यालयातील उन्हाळी इंटर्नशिप : एका वाणिज्य विद्यार्थ्याचा अभिप्राय

एस.वाय.बी.कॉम.ची परीक्षा झाल्यावर २०२४ च्या मे-जूनमध्ये मी पुण्यातील एका मध्यम आकाराच्या सीए कार्यालयात लेखांकन आणि लेखापरीक्षण या विषयांत इंटर्नशिप केली. पुढे काही तक्रारीही मांडायच्या असल्याने कार्यालयाचे नाव देत नाही. मात्र सुट्टीचे हे दिवस कोठे घालवावेत, याचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्यांना तेथील कामाची नीट कल्पना यावी, अशी मनापासून इच्छा आहे.

सुरुवातीचे काम अपेक्षेप्रमाणेच होते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी करणे, बँक पासबुक आणि रोकडवही यांचा मेळ घालणे आणि खरेदी नोंदवही जीएसटीआर-२बी या, पुरवठादारांनी जीएसटीसाठी भरलेल्या माहितीवरून तयार होणाऱ्या विवरणपत्राशी ताडून पाहणे, यात दिवस जात असे. शेवटचे काम कंटाळवाणे असले तरी त्याचे महत्त्व लवकर कळते, कारण पुरवठादाराने बिल आपल्या विवरणपत्रात दाखवले नसेल, तर खरेदीदाराने कर चुकता करूनही त्याला त्याचे क्रेडिट (स्वतःच्या करातून वजावट) घेता येत नाही. त्यात मे महिनाअखेर म्हणजे चौथ्या तिमाहीच्या टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) विवरणपत्राची मुदत आणि १५ जूनपर्यंत पगारदारांना त्या कपातीचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १६, द्यायचे, त्यामुळे सगळे सीनियर त्यातच गुंतलेले होते आणि नव्या मुलांकडे लक्ष द्यायला कोणाला सवड नव्हती.

खरे शिक्षण सुरू झाले ते भोसरीतील एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात व्हाउचिंगसाठी, म्हणजे खर्चाच्या नोंदी पावत्यांशी ताडून पाहण्यासाठी, पाठवल्यावर. आमच्याबरोबर आलेल्या सीनियर आर्टिकल (सीए होण्यासाठी प्रशिक्षण घेणाऱ्या) मॅडमनी रोख खर्चाची फाइल पुढे ठेवली आणि १९६१ च्या आयकर कायद्याचे कलम ४०अ(३) आधी मूळातून वाचायला लावले. एकाच व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख रक्कम दिली, तर तो खर्च वजावटीस पात्र ठरत नाही, एवढे वर्गात शिकलो होतो. कलम पूर्ण वाचल्यावर लक्षात आले की मालवाहतूकदाराला दिलेल्या भाड्यासाठी हीच मर्यादा ३५,००० रुपये आहे, म्हणजे ट्रकभाड्याची व्हाउचर वेगळ्या निकषावर तपासावी लागतात. त्यानंतर जॉबवर्कच्या (बाहेरच्या कारागिरांकडून करून घेतलेल्या कामाच्या) व्हाउचरांत एकाच कारागिराच्या नावे एकाच तारखेची ९,८०० आणि ९,५०० रुपयांची दोन व्हाउचर हाती लागली. दोन्हींवरची सही सारखी होती, रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेले होते, आणि सुटे सुटे पाहिले तर दोन्हींत काहीच वावगे दिसत नव्हते. मॅडमनी ती व्हाउचर शेजारी शेजारी ठेवून बेरीज करायला सांगितली आणि कारखान्याच्या लेखापालांना अत्यंत सभ्य शब्दांत खुलासा विचारला. कोणावर संशय न घेता प्रश्न कसा विचारावा, हे त्या दहा मिनिटांत जेवढे कळले, तेवढे कोणत्याही पाठ्यपुस्तकातून कळले नसते.

त्या वर्षी त्याच कायद्याचे कलम ४३ब(ह) पहिल्यांदाच लागू झाले होते आणि सगळीकडे त्याचीच चर्चा होती. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करावी लागतात. मुदत उलटलेली आणि ३१ मार्चला बाकी असलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून मिळत नाही, ती प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षी मिळते. त्यासाठी आम्हाला प्रत्येक पुरवठादाराचे उद्यम प्रमाणपत्र (लहान-मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीचे) मागवून तो उत्पादक आहे की व्यापारी, लघु आहे की मध्यम, हे पाहावे लागले. दिवस मोजायचे ते माल स्वीकारल्यापासून, म्हणून बिलाची तारीख पुरेशी नव्हती आणि गेटवरची आवक नोंद उघडावी लागली. ताळेबंदातल्या ‘देणी’ या एका आकड्यामागे केवढे कागद असतात, ते येथे दिसले आणि या व्यवसायाविषयीचा माझा आदर वाढला.

आता तक्रारी. आम्ही तयार केलेले वर्किंग पेपर (तपासणीच्या नोंदी) सीनियरांकडे जात आणि तेथून पुढे त्यांचे काय झाले, ते आम्हाला कधीच सांगितले जात नसे. जॉबवर्कच्या त्या दोन व्हाउचरांचा खुलासा पटला की नाही, रक्कम ३सीडी या कर लेखापरीक्षणाच्या अहवालात दाखवली जाणार की नाही, हे मी विचारूनही मला समजले नाही. अशिलाच्या माहितीची गोपनीयता मला मान्य आहे. परंतु ज्याने ते कागद स्वतः तपासले, त्याच्यापासून निष्कर्ष दडवण्यात कोणती गोपनीयता राखली जाते, हे मला उमगलेले नाही. आपले निरीक्षण बरोबर ठरले की चूक, हे न कळता पुढच्या फाइलकडे वळावे लागते आणि शिकणे अर्धवट राहते. एखाद्या पार्टनरने आठवड्यातून अर्धा तास काढला असता, तरी ही उणीव भरून निघाली असती. स्टायपेंड प्रवास आणि जेवणाच्या खर्चापुरते होते. ते आधीच स्पष्ट सांगितल्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण बाहेरगावाहून येऊन खोली भाड्याने घेणाऱ्या विद्यार्थ्याला ते मुळीच पुरणार नाही.

एवढे असूनही, सीएचा अभ्यासक्रम करावा की नाही अशा विचारात असलेल्यांना मी हे कार्यालय सुचवेन, कारण आर्टिकलशिपची दोन वर्षे बांधून घेण्यापूर्वी कामाचे स्वरूप इतक्या जवळून पाहण्याची संधी सहसा मिळत नाही. ज्यांना केवळ महाविद्यालयाला द्यायचे प्रमाणपत्र हवे आहे, त्यांनी मात्र येथे जाऊ नये. मुलाखतीच्या वेळी दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात : अशिलाकडे प्रत्यक्ष ऑडिटला पाठवणार का, आणि केलेले काम तपासून परत दाखवणार का. जमल्यास जूनचा दुसरा पंधरवडा निवडावा, म्हणजे टीडीएसची धांदल संपलेली असते आणि सीनियर शेजारी बसवून शिकवू शकतात.