सागवानी म्हणून गळ्यात मारलेली गुराब

माझ्या वडिलांनी उभे आयुष्य गोदीत सुतारकाम केले आणि आंग्र्यांचे आरमार हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. म्हणून त्यांच्या पंचाहत्तरीला गुराबेची, म्हणजे त्या आरमारातील लढाऊ जहाजाची, लाकडी प्रतिकृती द्यावी, असे मी ठरवले. समाजमाध्यमावरील एका जाहिरातीत ‘अस्सल सागवान, संपूर्ण हस्तनिर्मित’ असे लिहिलेले होते आणि छायाचित्रांतील फळ्यांचे सांधे व दोरकाम पाहून मला शंकाही आली नाही. किंमत 18,500 रुपये. निम्मी रक्कम आगाऊ दिली, उरलेली ‘रंगकाम पूर्ण झाले, पाठवतो आहोत’ असा निरोप आल्यावर. दोन्ही वेळा पैसे एका व्यक्तीच्या खात्यावर गेले आणि पावती मी मागितलीच नाही.

खोके उघडल्यावर बाबांनी जहाज उलटे केले, बुडाच्या कडेवरून नख फिरवले आणि ते म्हणाले, “अगं, हे लाकूड नव्हे. दाबलेला भुसा आहे, वर कागद चिकटवलाय.” मग मलाही दिसू लागले. लाकडातील एकच गाठ, अगदी त्याच आकाराची, तीन ठिकाणी छापलेली होती. खऱ्या सागाच्या रेषा फळीच्या कापलेल्या टोकालाही दिसतात. इथे टोके सपाट, तपकिरी आणि पिठूळ होती. असा भुशाचा पत्रा कोकणातल्या एका पावसाळ्यातही फुगतो.

मला अधिक लागले ते निराळेच. आपली गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची असे आणि तिची निमुळती नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, पुढे लांबवर निघालेली असे. दोन काठ्यांची गुराब सुमारे 150 टनांपर्यंत, तर तीन काठ्यांची 300 टनांच्या आसपास भरत असे. आमच्या घरी आलेल्या जहाजाची नाळ बोथट होती, पिछाडी युरोपीय जहाजासारखी उंच होती आणि त्यावर भगवा झेंडा तेवढा चिकटवलेला होता. कोणत्याही साच्यातील जहाजाला आंग्र्यांचे नाव देऊन विकणे हा कारागिरांचाही अपमान आहे, असे मला मनापासून वाटते.

जाहिरातीतील छायाचित्रे इंटरनेटवर शोधली, तेव्हा तीच परदेशातील एका कारागिराच्या कामाची असल्याचे आढळले. हा शोध पैसे देण्यापूर्वी पाच मिनिटांत झाला असता. कुणी अशी प्रतिकृती मागवणार असेल, तर काम चालू असताना कणा आणि फासळ्या उघड्या दिसतील असे छायाचित्र, त्या दिवशीचे वर्तमानपत्र शेजारी ठेवून, जरूर मागावे. हाताने बांधणाऱ्याला ते सहज देता येते. खोके उघडतानाचे चित्रीकरणही करावे. मी ते केले नव्हते, त्यामुळे ‘माल तुम्हीच बदललात’ असे विक्रेत्याने मला सुनावले आणि नंतर माझा क्रमांकच अडवून टाकला.

ई-वाणिज्य नियम, 2020 प्रमाणे ऑनलाइन विक्रेत्याने नाव आणि पत्ता जाहीर करणे बंधनकारक आहे. या जाहिरातीत दोन्ही नव्हते. मी 1930 या सायबर मदत क्रमांकावर आणि 1915 या ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. 1930 वर मात्र पैसे गेल्यागेल्या, त्याच दिवशी फोन करावा, कारण रक्कम खात्यात असेपर्यंतच ती गोठवता येते. मी तेरा दिवसांनी केला. ग्राहक आयोगात मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. त्या अर्जाची कागदपत्रे आता जुळवते आहे.